गावतळ्यातील वनस्पती आणि प्राण्यांची स्थानिक नावे कशी नोंदवावीत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगाव माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले, तलाव आहेत. त्यांनाच मामा तलाव म्हणतात. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावाने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या लोकज्ञानाची नोंद, करावयाची असते, आणि तिच्यातील पाण्याचा भाग पुस्तकातील नावे उतरवून भरला, तर ती नोंदवही कोणत्याही गावाची होऊ शकते. म्हणून प्रथम गावचे नाव लिहावे आणि शास्त्रीय नावाशी त्याची सांगड नंतर घालावी.

विचारायला योग्य माणूस निवडणे हे निम्मे काम आहे. माशांसाठी जाळे टाकणारे ढिवर, पाणवनस्पतींसाठी शिंगाडा लावणारे आणि काठावरची भाजी खुडणाऱ्या बाया, तर पक्ष्यांसाठी दिवसभर बांधावर असणारे गुराखी यांना विचारावे. छायाचित्र दाखवून विचारण्यापेक्षा जाळ्यातला मासा किंवा हातातले पान दाखवून विचारणे चांगले, कारण छायाचित्रात आकाराचा अंदाज येत नाही. आपण नाव सुचवू नये, "याले का म्हणतेत?" एवढेच विचारावे आणि थांबावे. "ही पाणकोंबडीच ना?" असे विचारले, की समोरचा माणूस भिडेखातर मान डोलावतो.

उत्तर कानावर पडेल तसेच लिहावे. पाण्याला पानी म्हणणाऱ्या गावात पानकोंबडी असेच लिहावे. ते शुद्ध करण्याचा मोह आवरावा. त्याच ओळीत सांगणाऱ्याचा व्यवसाय, टोला किंवा मोहल्ला, महिना आणि नाव नेमके कशाचे आहे हे नमूद करावे. कमळगट्टा हे कमळाच्या बीचे नाव आहे, वनस्पतीचे नव्हे. मरळ माशाची लालसर पिल्ले थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि मोठे मासे त्यांची राखण करतात. या पिल्लांना वेगळे नाव आहे का, हे मुद्दाम विचारावे.

यानंतरचा टप्पा ओळख पटवण्याचा आहे, आणि खरी गफलत येथेच होते. कित्येक ठिकाणी तळ्यात फुललेल्या कोणत्याही मोठ्या फुलाला कमळ म्हणतात. अशा वेळी पान पाहावे. कमळाचे वाढलेले पान देठावर पाण्याच्या वर उभे राहते, अखंड गोल असते, देठ त्याच्या मध्यभागी जुळतो आणि त्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. पोयणीचे, म्हणजे कुमुदाचे, पान सहसा पाण्यावर पसरलेले असते आणि त्याला कडेपासून देठापर्यंत चीर असते. फुलाच्या मध्यभागी सपाट माथ्याचा, भोके असलेला कोश दिसला, तर ते निःसंशय कमळ होय. दोन्हींना गाव एकच नाव देत असेल, तर दोन स्वतंत्र ओळी करून दोन्हींत तेच नाव लिहावे. गावाची चूक काढणे हे नोंद करणाऱ्याचे काम नाही.

उलट, एकाच प्राण्याची अनेक नावेही असतात. दिवड, पाणदिवड, विरोळा, धोंड्या ही सगळी एकाच बिनविषारी सापाची नावे आहेत. हा साप डिवचला गेल्यास मान चपटी करतो, म्हणून नाग समजून मारला जातो. डोळ्याखालून आणि डोळ्यामागून तिरप्या जाणाऱ्या दोन काळ्या रेषा ही त्याची खूण नोंदवहीत अवश्य टिपावी. मात्र ओळख दुरूनच पटवावी, पकडून नव्हे. नावातील साम्यानेही फसू नये: पाणमांजर पाण्यात राहून मासे खाते, तर उदमांजर झाडावर चढणारा निराळाच प्राणी आहे, आणि पाणमांजरालाच काही भागांत ऊद म्हणत असल्याने गोंधळ आणखी वाढतो.

बेशरम आणि जलपर्णी यांसारख्या बाहेरून आलेल्या वनस्पतीही वगळू नयेत, पण त्यांच्यावर फार वेळ घालवू नये. औषधी उपयोग कोणी सांगितला, तर तो लिहावा का, हे त्याच व्यक्तीला विचारावे आणि नको म्हटल्यास ती जागा कोरी ठेवावी.

एका फेरीत यादी पूर्ण होत नाही. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर शिंपले आणि गाळातले मासे हाती लागतात, पावसाळ्यात काठावरची नाळीची भाजी दिसते, आणि वारकरी पक्षी आणि अनेक बदके मोठ्या संख्येने हिवाळ्यातच येतात. म्हणून तिन्ही ऋतू झाल्यावर संपूर्ण यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, कोणी दुसरे नाव सांगितल्यास पहिले न खोडता ते शेजारी लिहावे, आणि मगच नोंदवही याच कायद्याखालील गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे सोपवावी.