तुरुंगाच्या पाहणीत या चुका टाळा

तुरुंगाची पाहणी चुकली तर केवळ अहवाल कच्चा राहत नाही. आपण संध्याकाळी बाहेर पडतो, पण आपल्याशी बोललेला कैदी त्याच बराकीत, त्याच पहारेकऱ्यांच्या हाती राहतो. पाहणी पथकात पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो वकील असो, डॉक्टर असो की कार्यकर्ता, हे आधी मनात पक्कं करावं. खाली दिलेल्या चुकांमागे वाईट हेतू क्वचितच असतो. त्या घाईतून, संकोचातून आणि पुष्कळदा चांगुलपणातून होतात.

दाखवलं तेवढंच पाहणं

२३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचा प्रतिनिधी डॅनिश अधिकाऱ्यांसह थेरेसिएनश्टाटच्या नाझी छावणीत गेला. त्याआधी घरं रंगवली गेली होती, बागा लावल्या होत्या. गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यातच सुमारे साडेसात हजार ज्यूंना आउश्वित्झच्या संहार छावणीत पाठवलं गेलं होतं. पाहुण्यांची फेरी आधी ठरलेल्या वाटेनेच झाली, कैद्यांशी एकांतात बोलणं झालं नाही आणि प्रतिनिधीने अनुकूल अहवाल लिहिला. पाहणीच्या इतिहासातली ही सर्वांत महाग पडलेली चूक आहे, आणि तिचे छोटे अवतार आजही भेटतात: आदल्या दिवशी मारलेला चुना, त्या दिवसापुरतं सुधारलेलं जेवण, सकाळीच दुसरीकडे हलवलेले काही कैदी.

म्हणून फेरीचा क्रम आपण ठरवायचा. कैद्यांना कसं वागवावं याचे किमान निकष सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांनुसार (२०१५) निरीक्षकांना पूर्वसूचनेशिवाय जाण्याचा, कुठला तुरुंग पाहायचा आणि कोणाशी बोलायचं ते निवडण्याचा अधिकार असायला हवा. अधीक्षकांशी बोलणं थोडक्यात उरकून आधी शिक्षेच्या कोठड्या गाठाव्यात, कारण तिथला माणूस तासाभरात हलवता येतो. कुलूप लावलेली खोली दिसली तर ती उघडायला सांगावी. ‘किल्ली सापडत नाही’ असं उत्तर मिळालं तर वेळ लिहून ठेवावी आणि किल्ली येईपर्यंत एकाने तिथेच थांबावं.

नको त्या जागी, नको त्या माणसासमोर बोलणं

पहारेकरी दारात उभा असताना घेतलेली मुलाखत ही मुलाखतच नव्हे. तो ऐकू न येण्याइतका लांब हवा. सुरक्षेसाठी नजर ठेवायचीच असेल तर लांबून ठेवावी. कार्यालयात बोलावून घेण्यापेक्षा आवारात किंवा बराकीत बोलणं बरं, कारण कार्यालयाकडे नेलेला माणूस सगळ्यांच्या नजरेत भरतो. दुभाषा तुरुंगातला कर्मचारी नको आणि दुसरा कैदीही नको. मुलाखत देणाऱ्याला पुढेही त्यांच्यातच राहायचं असतं.

अधिकारी हटायला तयार नसेल तर वाद घालू नका, पण मुलाखतही सुरू करू नका. वरिष्ठांना विचारा, पथकाच्या अधिकाराचं पत्र दाखवा. तरीही नकार आला तर साध्या गप्पा मारून थांबा आणि एकांत नाकारला ही गोष्ट नोंदवा. ती नोंद स्वतःच एक निष्कर्ष असते.

सगळे एकाच सुरात ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले की नवखा निरीक्षक दोनांपैकी एक चूक करतो: त्यावर विश्वास ठेवतो, नाहीतर उलटतपासणी सुरू करतो. दोन्ही नको. काल दिवसभर काय केलं, रात्री कुठे झोपलात, शेवटची आंघोळ कधी झाली असं साधं विचारावं. तक्रार करायची कोणाचीच इच्छा नसते तिथेही दिनक्रम सांगायला माणूस कचरत नाही, आणि दिनक्रमातूनच सगळं कळतं. पुढे होऊन बोलणारे बहुधा बराकीचे म्होरके असतात. नव्याने आलेला, परदेशी, मनोरुग्ण, रुग्णालयातल्या खाटेवरचा अशा गप्प राहणाऱ्यांकडे आपणच जायचं. पुष्कळांशी साधारण सारखाच वेळ बोलावं, म्हणजे ‘याने सांगितलं’ असं कोणाकडे बोट दाखवता येत नाही.

कोणी हातात चिठ्ठी सरकवली तर ती बाहेर नेऊ नका. मन मोडतं, हे खरं. पण एक चिठ्ठी सापडली तर तो कैदी अडचणीत येतो आणि पथकाचा प्रवेशही बंद होऊ शकतो. ‘तुम्हाला सोडवतो’ असं तर चुकूनही म्हणू नका.

आकडा विचारणं, मोजणं नाही

‘क्षमता’ हा प्रशासनाचा आकडा आहे. दुमजली खाटा टाकल्या की तो वाढतो, हवा मात्र तेवढीच राहते. बराकीची लांबी-रुंदी स्वतः मोजा आणि रात्री कुलूप लागताना आत असलेल्या माणसांच्या संख्येने भागा. सामूहिक बराकीत रेडक्रॉस समिती माणशी किमान ३.४ चौरस मीटर सुचवते. युरोप परिषदेची छळ प्रतिबंधक समिती ४ चौरस मीटर धरते, तेही शौचालयाची जागा वगळून. नळ आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो किती वेळ चालतो आणि रांगेत शेवटच्याला पाणी मिळतं का, हे पाहावं लागतं.

एकांतवासाचंही तसंच. प्रशासन त्याला ‘निरीक्षण कक्ष’ म्हणो वा ‘सुरक्षा विभाग’, दिवसातले २२ तास किंवा त्याहून जास्त माणसांशी खऱ्या संपर्काशिवाय गेले की मंडेला नियमांप्रमाणे तो एकांतवासच. सलग १५ दिवसांच्या पुढे तो गेला तर नियमांनी थेट निषिद्ध आहे. चौदाव्या दिवशी बाहेर काढून लगेच परत आत टाकलं आहे का, ते शिक्षेच्या रजिस्टरमध्ये तारखा लावून तपासा.

रजिस्टर किंवा कैदी, एकावरच भिस्त

प्रवेश, वैद्यकीय, शिक्षा आणि मृत्यू यांची रजिस्टरं एकमेकांशी ताडून पाहा. दाखल होताना अंगावर जखम नव्हती, पण दहा दिवसांनी मलमपट्टी झाल्याची नोंद आहे, तर मधल्या दिवसांत काय झालं हा प्रश्न विचारायलाच हवा. सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच हाताच्या दिसल्या तर तेही लिहा. पाय सुजणं, बधिर होणं, चालताना तोल जाणं अशा तक्रारी एकाच वेळी अनेकांकडून आल्या तर त्या आळस म्हणून सोडू नका. पांढऱ्या तांदळावरच भागवणाऱ्या तुरुंगांत बेरीबेरी होतो. हा आजार थायमिनच्या (ब-१ जीवनसत्त्वाच्या) कमतरतेमुळे होतो आणि वेळेत उपचार नसेल तर जीवही घेतो.

जखमेबाबत डॉक्टर नसलेल्याने जागा, आकार, रंग आणि कैद्याने सांगितलेलं कारण एवढंच लिहावं. ‘छळाची खूण’ असा निष्कर्ष काढू नये. छळाचा तपास आणि नोंद कशी करावी हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या इस्तंबूल प्रोटोकॉलप्रमाणे (१९९९, सुधारित २०२२) जखम आणि हकीकत किती जुळतात हे प्रशिक्षित वैद्यकच ठरवतात.

नाव गाळलं की ओळख लपली असं समजणं

‘महिला विभागातल्या एका गरोदर कैद्याने सांगितलं’ असं लिहिलं आणि त्या विभागात गरोदर स्त्री एकच असेल, तर नाव गाळून काय मिळालं? तक्रार परवानगीशिवाय वापरू नका, आणि परवानगी असली तरी धोका स्वतः तोलून पाहा. अनेकांच्या तोंडून आलेली गोष्ट एकत्र मांडली की ती वजनदारही होते आणि सुरक्षितही.

परत न जाणं

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचा पूरक प्रोटोकॉल (२००२ मध्ये स्वीकृत, २००६ पासून लागू) निरीक्षकांशी बोलल्याबद्दल कोणालाही शिक्षा करायला मनाई करतो. ही मनाई पाळली गेली का, हे दुसऱ्या भेटीशिवाय कळत नाही. म्हणून पुढच्या फेरीत आधी बोललेल्या माणसांना शोधा, पण त्यांनाच वेगळं बोलावू नका. आणखी दहा जणांत मिसळून भेटा. त्यातला एखादा दुसऱ्या तुरुंगात हलवला गेला असेल तर बदलीचं कारण आणि तारीख लेखी मागा, आणि त्या तुरुंगाची भेट पुढच्या यादीत सगळ्यांत वर घाला.