अंगणवाडीचं आयुक्तालय पुण्यात नाही : बालविकास धोरणात नव्याने येणाऱ्यांसाठी

समाजकार्याचं एमएसडब्ल्यू किंवा सार्वजनिक आरोग्याचं एमपीएच संपत आलं की मुलं-मुली विचारायला येतात, "लहान मुलांच्या आरोग्यावर, धोरणाच्या अंगाने काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी त्यांना एकच उलटा प्रश्न विचारते. दवाखान्यातून घरी आलेलं, अंगणवाडीत बसण्याएवढं अजून न झालेलं, सव्वा वर्षाचं मूल सरकारदरबारी नेमकं कोणाचं?

बहुतेकांचं उत्तर "महिला व बालविकास विभागाचं" असं येतं, आणि त्या तिरीमिरीत ते पुण्यातल्या महिला व बालविकास आयुक्तालयात जाऊन धडकतात. तिथे बालगृहं, दत्तक, बालसंरक्षण ही कामं चालतात. अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचं आयुक्तालय वेगळं आहे आणि ते नवी मुंबईत आहे. लसीकरण आणि बालआरोग्य बघणारं राज्य कुटुंब कल्याण कार्यालय मात्र पुण्यातच, स्टेशनजवळ. तीन वर्षांवरच्या मुलांच्या शिकण्यात २०२० च्या शैक्षणिक धोरणापासून शिक्षण विभागही आला, कारण पायाभूत टप्पा तीन ते आठ वयाचा धरलाय. ते काम बघणारी एससीईआरटी, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुण्यात कुमठेकर रस्त्यावर. म्हणजे एकाच मुलासाठी तीन ठिकाणचे जिने चढायचे. आमच्या क्षेत्रातलं निम्मं काम या जिन्यांवरच होतं, असं म्हटलं तरी चालेल.

योजना कमी पडतात असा नव्यांचा समज असतो. यादी काढून बघा. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे. तिच्याही आधी, १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं होतं, आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा डॉक्टरांच्या पथकाकडून तपासणी अपेक्षित आहे. अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा आहार हा हक्क केला. आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे, पुणे जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात ती दिसेल. योजना भरपूर आहेत. मूल सुटतं ते एका योजनेतून दुसऱ्या योजनेत जाताना.

नारायणगावचं उदाहरण घ्या. पहाटे तिथल्या मजूर अड्ड्यावर डोंगरातून उतरलेली ठाकर, महादेव कोळी कुटुंबं कामासाठी उभी असतात, आणि कडेवर लहान मुलं. मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीत, घरपोच आहाराचं पाकीट गावात, वजनाची नोंद गावात, आणि मूल इथे, शेताच्या बांधावर साडीच्या झोळीत. स्थलांतरित मुलाला जिथे असेल तिथल्या अंगणवाडीने सेवा द्यावी असं कागदोपत्री आहे. पण आलेल्या मुलाचा आहार कुठल्या मागणीत धरायचा, हा प्रश्न सेविकेला पडतो आणि तिच्या पर्यवेक्षिकेलाही. तो सोडवणारा माणूस कोण, हे शोधून काढणं म्हणजे धोरणाचं काम. "स्थलांतरितांकडे लक्ष द्यावे" असं अहवालात लिहून ते होत नाही.

त्यामुळे पहिला सल्ला, शासन निर्णय, म्हणजे जीआर, वाचायला शिका. सगळे जीआर शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि सगळे मराठीत असतात. इंग्रजीतून शिकून आलेल्या मुलांना "उपरोक्त संदर्भाधीन" वाचताना घाम फुटतो, पण महिनाभरात सवय होते. नवी मंडळी प्रस्तावना वाचतात, मधला मुख्य भाग वाचतात आणि थांबतात. खरा मजकूर शेवटी असतो. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यावर, टाकायचा ते बघा. लेखाशीर्षच नसेल तर तो निर्णय सदिच्छा समजा. मग अगदी तळाशी "प्रत" असं लिहून नावांची उतरंड असते, ती वाचा. कुपोषित मुलांच्या उपचाराबद्दलचा निर्णय असेल आणि त्या उतरंडीत जिल्हा आरोग्य अधिकारी नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर तुम्हाला सरळ सांगतील, "आमच्याकडे असं काही पत्र आलेलं नाही." ते खोटं बोलत नसतात. एकदा आमचं सगळं निवेदन आम्ही एवढ्याच मागणीवर आणून ठेवलं होतं की, पत्र दोन्ही विभागांच्या सहीने निघावं. निघालं, आणि तालुका बैठकीत दोन्हीकडचे लोक पहिल्यांदा एका टेबलाला बसले.

दुसरा सल्ला, वजन-उंची स्वतः घ्यायला शिका. तुम्ही डॉक्टर नसाल, अर्थशास्त्राचे असाल, तरी शिका. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजायचं असतं. त्याला दोन माणसं लागतात, एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं आणि दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे. मूल रडतं, पाय आखडतं, आई म्हणते "सोडा हो आता", आणि मदतनीस तेवढ्यात खिचडी बघायला आत गेलेली असते. एकट्या सेविकेने घाईत घेतलेल्या मापात सेंटिमीटरभर इकडचं तिकडे होतं, आणि सीमेवरचं मूल तेवढ्याने तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, ठरतं किंवा त्यातून सुटतं. वजनाचंही तसंच. थंडीत स्वेटर, पायात वाळे, आणि काटा शून्यावर आणलाय का हे कोणी बघितलेलं नसतं. म्हणून दंडाची पट्टी सोबत ठेवा. सहा महिन्यांवरच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर कोणत्याही अॅपमध्ये काहीही हिरवं दिसो, ते मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

हे स्वतः केलेलं असलं की पोषण ट्रॅकरवरच्या, म्हणजे अंगणवाड्या ज्यात नोंदी भरतात त्या अॅपवरच्या, टक्केवारीकडे बघायची नजर बदलते. कुठल्याशा प्रकल्पात एका महिन्यात सॅम मुलं निम्म्यावर आली, तर आनंद नंतर करावा, आधी काटे बदलले का ते विचारावं.

आकड्यांबद्दल आणखी एक, कारण इथे शहाणीसुरती माणसंही घसरतात. महाराष्ट्रात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या राज्य पोषण सर्वेक्षणात २४ टक्क्यांच्या आसपास आलं. कुपोषण कमी करण्यासाठी राज्याने काढलेल्या राजमाता जिजाऊ मिशनच्या काळातली ही घट देशभर गाजली. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ ला, ३४.४ टक्के आणि पाचव्या फेरीत ३५.२ टक्के. "सगळं पुन्हा बिघडलं!" असा मथळा तयारच. पण नंतरचे दोन्ही आकडे पाच वर्षांखालच्या मुलांचे आहेत. वयोगट जुळवल्याशिवाय तुलना करू नका. आणि जुळवून जे उरतं ते पुरेसं अस्वस्थ करणारं आहे. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं चौथ्या फेरीत २५.६ टक्के होती, पाचव्या फेरीतही तेवढीच.

शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही, माहितीपत्रकं तुम्ही वाचालच. पुणे विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विभागात एमपीएच आहे, पैशाच्या वाटा कळाव्यात असं वाटत असेल तर गोखले संस्था आहे, वस्तीत आणि गावात बसायची सवय लागायला कर्वे समाजसेवा संस्था. मी शेवटच्या वाटेने आले आणि संख्याशास्त्र नंतर रडतखडत शिकले. सरकारच्या आतून काम करायचं असेल तर एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी होता येतं. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत जास्त परिणाम करणारी खुर्ची आहे. मुख्यमंत्री फेलोशिपही आहे, पण तिला वयाची अट आहे, पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे असतानाच बघा.

पुण्याचा मोठा फायदा म्हणजे इथे संशोधन हाताशी आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त. पुढे मधुमेहाकडे जाणारी वाट गर्भातच सुरू होते हे त्यातून पुढे आलं. शिवाय ज्या बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं बरी भरलेली होती. आता हे धोरणात आणा बरं. आपला अंगणवाडीचा आहार २०२३ पर्यंत फक्त उष्मांक आणि प्रथिनांत मोजला जायचा, सहा महिन्यांपासून पुढच्या मुलाला ५०० किलोकॅलरी, गरोदर बाईला ६००. पालेभाजी पाकिटात भरता येत नाही, निविदेत बसत नाही. ती परसबागेतून आणायची की बचतगटाच्या ताज्या जेवणातून, यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. मी ताज्या जेवणाच्या बाजूची आहे. पण दूरच्या पाड्यावर रोज शिजवायला माणूस कुठून आणणार, हा समोरच्यांचा प्रश्न मला खोडता आलेला नाही.

संशोधनाचं धोरण व्हायला किती वेळ लागतो, तेही माहीत असू द्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. निबंध १९९९ मध्ये छापून आला. देशभर योजना झाली २०११ मध्ये. मधे २००५ ला आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, आली म्हणून ती होऊ शकली, नाहीतर घरोघर जायला माणूसच नव्हतं. आज बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाने बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जायचं असतं. जाते का, हे बघायला तुम्ही सोबत जा. पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पुढच्या भेटी, ज्या २०१८ नंतर आल्या, त्यांची अवस्था सहसा पातळ असते. माझ्या प्रश्नातलं सव्वा वर्षाचं मूल आशाच्या यादीतून सुटतं ते इथेच.

पैशाबद्दल दोन गोष्टी. राज्याच्या तिजोरीकडे डोळे लावण्याआधी ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा दहा टक्के वाटा कुठे गेला ते विचारा, ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हिशेब असतो. काटा, उंचीची फळी, पाण्याची टाकी एवढं त्यातून सहज होतं. आणि निवेदन द्यायचं असेल तर अर्थसंकल्पाचे आकडे ठरण्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात द्या. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन साहेब प्रेमाने वाचतात आणि तेवढंच.

तुमच्या स्वतःच्या पैशाबद्दल. संस्थांमधले करार बहुधा प्रकल्पापुरते, अकरा महिन्यांचे. मुलाखतीत पगारासोबत हेही विचारा की प्रवासखर्च आधी मिळतो की बिलं लावून नंतर, आणि तालुक्याला मुक्काम पडला तर राहायची सोय कोण करतं. विचारायला संकोचू नका. समोरचा चाचरला तर एसटीचं भाडं तुमच्या खिशातून जाणार, हे गृहीत धरून निर्णय घ्या.