नवा इग्वाना माणसाळवताना या चुका टाळा

घरी आणल्यावर पहिले काही दिवस इग्वाना हा सरडा एका जागी बसून असतो. हात लावा, उचला, खांद्यावर ठेवा, तो हूं की चूं करत नाही. ‘किती गरीब आहे!’ म्हणून सगळे कौतुक करतात, फोटो निघतात. मग आठ-पंधरा दिवसांत तोच इग्वाना पिंजऱ्याजवळ गेलं की अंग फुगवतो, शेपटीचा फटका हाणतो, आणि मालकाला वाटतं की जनावर बिघडलं.

ते बिघडलेलं नसतं. सुरुवातीला तो शांत होता कारण भीतीने थिजला होता. आता अंगात थोडी ताकद आली, जागा ओळखीची झाली, म्हणून तो ‘लांब राहा’ असं सांगू लागला. ही प्रगती आहे, आणि नेमक्या याच वळणावर बहुतेक लोक हाय खातात. कोणी इग्वाना दुसऱ्याला देऊन टाकतो, कोणी पिंजऱ्यात हात घालणंच सोडतो. दोन्हीची हळहळ वाटते, कारण माणसाळवण्याचं खरं काम तिथूनच सुरू होतं.

वरून हात घालणं

इग्वाना हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडांवर राहून पाला खाणारा सरडा. जंगलात त्याच्यावर शिकारी पक्ष्यांची झडप येते ती आकाशातून. त्याच्या माथ्यावर फिकट खवल्यासारखा दिसणारा एक तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेडावर पडलेली सावली कळते. तुमचा हात वरून खाली आला की त्याच्या लेखी तो ससाणाच.

माझ्या इग्वानाचा पहिला पिंजरा जमिनीवर होता आणि वरून उघडायचा. झाकण उचललं की तो कोपऱ्यात अंग आपटून घ्यायचा, एकदा तर नाकाचं खवलं सोललं. मग समोरून दार असलेला उंच पिंजरा घेतला आणि तो अशा उंचीवर ठेवला की वरच्या फांदीवर बसलेला इग्वाना माझ्या डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर असेल. बाकी काहीही बदललं नव्हतं. चौथ्या दिवशी मी खोलीत गेले तेव्हा तो जागचा हलला नाही, फक्त मान वळवून माझ्याकडे बघत राहिला.

हात नेहमी बाजूने आणि खालून न्यावा, त्याला दिसेल असा, संथपणे. उचलताना तळवा पोटाखाली सरकवून चारही पायांना आधार द्यावा. एखादा पाय जरी अधांतरी राहिला तरी तो धडपडतो, आणि आपण त्याला मस्ती समजतो. शेपटी तर कधीच धरू नये. घाबरलेला इग्वाना, विशेषतः लहान वयाचा, ती तोडून टाकतो. पुन्हा येते ती आखूड आणि काळपट, आधीसारखी होत नाही.

थंडीला स्वभाव समजणं

इग्वाना बाहेरच्या उष्णतेवर जगतो. ऊन खाण्याच्या जागी साधारण 35 अंश सेल्सियस, बाकी पिंजऱ्यात 26 ते 30 अंश आणि हवेत भरपूर दमटपणा हवा. एवढी ऊब मिळाली नाही तर अन्न पचत नाही, अंग जड होतं. असा इग्वाना हातात निमूट बसतो. त्याला माणसाळलेला समजू नका, तो गारठलेला असतो.

यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणाऱ्या दिव्याचंही तसंच. या किरणांशिवाय अंगात डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही, हाडं ठिसूळ होतात, जबडा सुजतो, पायांना कंप सुटतो. दुखऱ्या अंगाला हात लावला तर कोणीही चावेल. काचेतून येणाऱ्या उन्हावर विसंबू नका, काच यूव्हीबी अडवते. दिवा डोळ्यांना लख्ख दिसत असला तरी त्यातली यूव्हीबी काही महिन्यांत उतरते, म्हणून तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा. तापमान आणि दिवा तपासल्याशिवाय स्वभावाबद्दल काहीच ठरवू नका.

फटका बसला की सोडून देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तुम्ही त्याला उचलता, तो वळवळतो, फटका मारतो, तुम्ही दचकून पिंजऱ्यात सोडता. त्याला धडा मिळतो: फटका मारला की हा प्राणी जातो. उद्या फटका आधी येतो, परवा त्याच्या जोडीला चावाही येतो. चार-सहा वेळा असं झालं की ती सवय मोडायला महिने लागतात.

यावर काही जण उलट टोक गाठतात. शांत होईपर्यंत आवळून धरून ठेवतात. त्याचा श्वास फुलतो, रंग काळवंडतो आणि शेवटी तो थकून हार मानतो. हात म्हणजे संकट, एवढंच त्याच्या डोक्यात राहतं.

मधली वाट वेळखाऊ आहे, पण तिनेच काम होतं. पहिला आठवडा-दोन आठवडे हातच लावू नका. रोज ठरावीक वेळी पिंजऱ्याजवळ बसा, काहीतरी मोठ्याने वाचा, आवाजाची ओळख होऊ द्या. वापरलेला एखादा न धुतलेला टी-शर्ट आत ठेवा, म्हणजे तुमचा वास त्याच्या सवयीचा होईल. मग खाणं ठेवायला हात आत जाऊ द्या. नंतर खांद्याजवळ किंवा पाठीच्या बाजूला एका बोटाने स्पर्श, डोक्याला नाही. तो सहन झाला की छोट्या, बंद खोलीत पाच मिनिटं बाहेर काढा. फटी आधी बुजवा, कपाटामागे घुसला तर ओढून काढताना सगळं मुसळ केरात.

हातात असताना धडपडला तर त्याला तुमच्या हाताच्या कोपरापर्यंतच्या भागावर, अंगाशी टेकवून, न आवळता धरा आणि स्वतः स्तब्ध राहा. बरगड्यांची हालचाल बघा. धडधड कमी होऊन दहा सेकंद जरी तो स्वस्थ राहिला, तरी त्याच क्षणी परत ठेवा. सोडणं शांततेनंतर आलं पाहिजे. मात्र पिंजऱ्यातच तो आडवा उभा राहून अंग चपटं करत असेल, तोंड उघडत असेल, तर उचलू नका. हात झटक्यात मागे न घेता आहे तिथेच थांबवा, तो थोडा सैल झाला की मग काढा.

जाड हातमोजे मी टाळते, कारण त्यातून त्याला तुमच्या हाताची ओळखच होत नाही. लांब बाह्यांचा सदरा पुरतो. मोठा, आक्रमक इग्वाना असेल तर सुरुवातीपुरते मोजे समजू शकते.

मिटलेले डोळे म्हणजे समाधान नव्हे

कुरवाळताना डोळे मिटले की आपल्याला वाटतं, सुखावला. कधीकधी ते खरंही असतं. पण बरेचदा तो नको असलेली गोष्ट दृष्टीआड करत असतो. पाय बघा. फांदीवर सैल लोंबत असतील तर ठीक. बोटं रुतवून धरली असतील, अंग ताठ असेल तर हात काढा. जिभेने तुमच्या हाताला चाटून बघणं हे चांगलं लक्षण, तो वासाची ओळख करून घेतोय. शेपटीचं टोक वळवळू लागलं की फटका जवळ आला. डोकं सावकाश वरखाली करणं म्हणजे बहुधा आपलं अस्तित्व सांगणं. तेच भराभर, गळ्याखालची झालर ताणून केलं तर इशारा.

खाऊ भरवतानाही घाई नको. त्याचे दात करवतीसारखे, पान कापायला बनलेले आहेत. चिमटीत धरलेला बारीक तुकडा आणि बोट यांत तो फरक करेलच असं नाही. जास्वंदीचं अख्खं फूल किंवा लांब पान देठाकडून धरून द्या.

सोबत म्हणून दुसरा इग्वाना आणू नका. दुबळा असतो तो उबेच्या जागेवरून हुसकला जातो आणि उपाशी राहतो. काचेतल्या प्रतिबिंबावरही नर तासन्‌तास चवताळतो, तेव्हा तो भाग झाका.

वयात आलेला नर विणीच्या काळात केशरी झाक धरतो आणि एरवी मांडीवर बसणारा असूनही अंगावर येतो. त्या काही आठवड्यांत चेहरा त्याच्यापासून लांब ठेवा, हाताळणं कमी करा. वर्षभराची मेहनत वाया गेली असं समजून खचू नका, तो काळ सरतो.

हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा, कारण निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही माणसाचं पोट बिघडवणारा साल्मोनेला जिवाणू असू शकतो. त्याचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघरात धुऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला इग्वाना हाताळू देऊ नका.

किती दिवस लागतील, असं मला नेहमी विचारतात. पिल्लू असेल तर काही महिने, आधीच्या घरी हाल झालेला मोठा इग्वाना असेल तर वर्षाहूनही जास्त. जागा बदलली, तो कात टाकत असला की गाडी मागे येते. अशा वेळी एक पायरी खाली उतरून पुन्हा सुरू करा. पण महिनोन्‌महिने फटके मारणारा इग्वाना एका दिवसात अचानक मऊ पडला, खाणं सोडलं, उचललं तरी विरोध करेना, तर खूश होऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे त्याच दिवशी न्या.