सिस भुंगेरा शोधावा कसा आणि पाळावा कसा

सिस या वंशातील भुंगेरे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांब, तपकिरी आणि दंडगोलाकार असतात. अळी, कोष आणि प्रौढ या तिन्ही अवस्था मृत लाकडावरच्या चिवट अळंबीच्या आतच जात असल्याने सालीवर भुंगेरा हुडकत बसण्यात अर्थ नाही. हुडकायची ती अळंबी.

ब्रिटनमध्ये सिस बोलेटी या जातीपासून सुरुवात करणे सोयीचे. ओक किंवा बीच या झाडांच्या पडलेल्या ओंडक्यांवर ट्रामेटीस व्हर्सिकलर ही रंगीत पट्ट्यांची अळंबी लहान पंख्यांसारखी एकावर एक रचलेली दिसते. ताजी, टवटवीत अळंबी सोडून द्यावी आणि जिच्या खालच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखी भोके असून बारीक पिठासारखा भुसा गळतो, अशी जुनी निवडावी. पांढऱ्या कागदावर ती झटकली की भुंगेरा पुष्कळदा पाय आवळून निपचित पडतो. त्याला कचऱ्याचा कण समजून फुंकर घालू नये, मिनिटभर थांबावे.

दोन-चार अळंब्या पुरेत. प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाला मोठे भोक पाडून त्यावर घट्ट विणीचे मलमलचे कापड ताणावे. पहिल्या खेपेस मी हवाबंद बरणी वापरली आणि आठवडाभरात आत हिरव्या बुरशीशिवाय काही उरले नाही. अळंबी किंचित दमट ठेवावी, ओली नव्हे. भुंगेरे बाहेर पडायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. वेगवेगळ्या अळंब्या एका डब्यात मुळीच कोंबू नयेत, कारण कोण कशातून निघाले हे न कळल्यास निम्मी माहिती वाया जाते. तारीख, ठिकाण, झाड आणि अळंबीचे नाव डब्यावर त्याच दिवशी लिहावे.

ओळख पटवताना भिंगाने भागत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. मिशांचे खंड मोजावेत: सिसमध्ये सहसा दहा, त्यांपैकी शेवटचे तीन फुगीर. नऊ भरले तर तो एनिआर्थ्रॉन या जवळच्या वंशातला असण्याचा संभव असतो, आणि ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थही ‘नऊ सांध्यांचा’ असाच आहे. सिस बोलेटीच्या नराच्या पोटाच्या पहिल्या खंडावर मधोमध एक केसाळ खळगी असते. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण एकोणिसाव्या शतकापासून इंग्लंडात स्थिरावलेला सिस बायलॅमेलेटस मात्र नर असेल तर चटकन ओळखू येतो, कारण त्याच्या डोक्यावर एक आणि छातीच्या पुढच्या कडेवर एक असे दोन उभे, पातळ पत्र्यासारखे उंचवटे असतात.

काम संपल्यावर उरलेली अळंबी कचऱ्यात न टाकता त्याच ओंडक्यापाशी नेऊन ठेवावी, कारण तिच्यात अजून अळ्या असतात.