कोपीवरच्या बाळंतिणी : या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू करून माता-बाल आरोग्याच्या कामात शिरणार असाल, तर कोल्हापूर जिल्ह्यात एक गळीत हंगाम ऊसतोडीच्या तळांवर काढा. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू होतात आणि बीडकडच्या तोडणी मजुरांच्या टोळ्या शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या शिवारांत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालतात. त्यांत गरोदर बायका असतात, ओल्या बाळंतिणीही.

योजना कमी नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. पहिल्या बाळासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, नेण्या-आणण्याची गाडी सगळं मोफत. अडतं ते यादीत. यादी गावाची असते आणि ही बाई तिच्या गावात नसते, इथल्या यादीत तिचं नाव चढलेलं नसतं. तुमचं निम्मं काम हेच : तळावर कोण आहे, कितवा महिना, माता-बाल कार्ड आहे का, हे इथल्या आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टरपर्यंत पोहोचवणं.

तळावर आधी टोळी आणणाऱ्या मुकादमाला भेटा, पण बाईशी बोलताना तो शेजारी नको. बायकांनी पहाटे अंधारातच फड, म्हणजे तोडीचं शेत, गाठलेला असतो, परतायची वेळ गाडी भरण्यावर. म्हणून तुम्हीच फडात जा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एकच जोडी, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जातात. अशा बाईला ‘विश्रांती घ्या’ म्हणून सांगणाऱ्यांची मला चीड येते. त्यापेक्षा बाळाला फडात कुठं झोपवते, पाजायला कधी जमतं, प्यायचं पाणी कुठून आणते, हे विचारा.

बाळाचं वजन करा. जन्माच्या वेळी अडीच किलोच्या आत असेल तर जास्त फेऱ्या मारा, आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरायला शिकवा. थंडीत कोपीत हाच उपाय हाताशी असतो. बाळ पीत नसेल, गार पडलं असेल, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. आईचा ताप, अंगावरून जास्त जाणं किंवा घाण वास हेही तितकंच निकडीचं. आणि तिला झोप लागते का, रडू येतं का, हेही विचारा. बाळ बघून निघून जायची सवय आपल्या सगळ्या खात्यांना आहे.

नोकरीचं म्हणाल तर संस्थांचे प्रकल्प बहुधा मुदतीचे असतात. पगार नि मुदत आधी लेखी घ्या.

टोळी परतायच्या आत कार्डावर लसींच्या तारखा भरून घ्या आणि गावाकडच्या आशाताईंना स्वतः फोन करून कळवा. मोबाईल बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो, तेव्हा सासूचा किंवा माहेरचा दुसरा नंबरही लिहून ठेवा.