घरची उमेशू घालताय? या चुका टाळा

जून लागला की जपानमधल्या सुपरमार्केटांत हिरव्या 'उमे' फळांच्या पिशव्या, खडीसाखर, लाल झाकणाच्या मोठ्या बरण्या आणि ३५ टक्के अल्कोहोलच्या 'व्हाइट लिकर' या रंगहीन दारूचे १.८ लिटरचे खोके शेजारीशेजारी मांडलेले दिसतात. उमे म्हणजे जर्दाळूच्या जवळचं, कैरीसारखं आंबटढाण फळ. हे फळ खडीसाखरेबरोबर दारूत मुरवलं की होते ती उमेशू. कृतीही सोपी: एक किलो उमे, ६०० ते ८०० ग्रॅम खडीसाखर, एक खोका लिकर. इथे नव्याने राहायला आलेल्या आपल्या माणसांनाही मोह होतोच, आणि व्हायलाच हवा. बरणी बिघडते ती बहुतेकदा घालण्याच्या दिवशीच, म्हणून त्या दिवशी घाई नको.

हलकी दारू वापरणं

ही सगळ्यात मोठी चूक. घरात उरलेली साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, ओतून काम भागवावं असं वाटतं, पण साके साधारण १५ टक्क्यांची असते. फळातलं पाणी हळूहळू बाहेर येतं, साखर विरघळते आणि मिश्रण आणखी पातळ होतं. ३५ टक्क्यांपासून सुरुवात केली तरी शेवटी हाती येते ती २० टक्क्यांच्या आसपासची उमेशू. मग १५ वरून सुरुवात केली तर ती कुठे जाऊन पोहोचेल? अशा गोड, पातळ रसात यीस्टचं फावतं आणि सगळं आंबायला लागतं. शिवाय जपानच्या मद्यकर कायद्यानुसार घरी फळं मुरवायला किमान २० टक्क्यांचं, कर भरलेलं मद्यच चालतं. द्राक्षं मुरवायला मनाई आहे आणि घरी घातलेली उमेशू विकता येत नाही. ब्रँडी किंवा रम चालते. २५ टक्क्यांची शोचू ही जपानी गाळीव दारू कायद्यात बसते, पण पहिल्यांदा घालणाऱ्याने ३५च घ्यावी.

ओलावा राहू देणं

लोणच्याच्या बरणीला जो नियम, तोच इथे. कच्ची, टणक फळं तासभर पाण्यात ठेवा, निथळा आणि एकेक फळ स्वच्छ कापडाने पुसा. देठाच्या खळग्यात काळपट टिकली असते. ती बांबूच्या काडीच्या टोकाने हलकेच उचकटली की टपकन निघते. ती राहिली तर कडवटपणा उतरतो, आणि तिच्याखाली पाणीही दडून राहतं. काडी सालीत घुसवू नका. जाड काचेच्या बरणीत एकदम उकळतं पाणी ओतलं तर ती तडकू शकते. त्यापेक्षा धुऊन, कोरडी करून, त्याच लिकरने आतून पुसून घ्या. झाकण प्लास्टिकचं असावं, कारण आंबट रसाने धातू गंजतो.

फळ ठेवून देणं

शनिवारी आणलेली उमे पुढच्या रविवारपर्यंत थांबत नाहीत. बाहेर ठेवली तर पिवळी पडतात, फ्रिजमध्ये तपकिरी डाग पडतात. आणली त्याच दिवशी घाला. पिकलेल्या फळाची उमेशू वाईट नसते, तिला पीचसारखा वास येतो, पण गर सुटून ती गढूळ होते. डागाळलेली, मऊ पडलेली फळं मात्र बाजूला काढा.

खडीसाखरेऐवजी साधी साखर

खडीसाखर दिसायला छान म्हणून घालत नाहीत. ती सावकाश विरघळते, तोवर अल्कोहोल फळात शिरतं. मग बाहेरचा गोडवा वाढत गेला की फळातला रस स्वादासकट ओढला जातो. बारीक साखर एकदम विरघळते, फळं लवकर सुरकुततात आणि स्वाद आतच अडकतो. साखर अगदीच कमी केली तरी स्वाद नीट उतरत नाही. गोड नको असेल तर पिताना सोडा घाला.

बरणीत काहीतरी दिसलं तर

फळं वर तरंगतात, ते ठीकच आहे. पण वरची बाजू कोरडी राहिली तर तिथे बुरशी धरते, म्हणून साखर विरघळेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी बरणी हलकेच तिरपी करून फिरवा. गदागदा हलवू नका. सुरुवातीला फळांवर बारीक बुडबुडे दिसले तर घाबरू नका. झाकण उघडताना फुस्स झालं, फेस आला, व्हिनेगरसारखा वास आला, तर मात्र ती आंबली आहे, टाकून द्या. बुरशी दिसली तरी तेच. नुसता गढूळपणा असेल तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळा, चवीला काही होत नाही.

लवकर पिणं, फळं विसरणं

तीन महिन्यांनी चव बघता येते, पण तेव्हा अल्कोहोल नाकात जातं. खरी गोलाई वर्षाने येते. वर्षभरानंतर फळं काढून घ्या, नाहीतर कडवटपणा आणि गाळ वाढतो. कच्चं उमे तसंच खाऊ नये, त्यात आणि विशेषतः बीत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. वर्षभर मुरलेल्या फळांचा गर खाता येतो, बिया काढून जॅमही करता येतो. फक्त त्यात अल्कोहोल असतं, मुलांच्या पोळीवर तो लावू नका.