पायलटच्या कर्जावर सही करण्याआधी: ठाणे-नवी मुंबईच्या पदवीधरांसाठी तयारीची यादी

पदवी हातात आली आणि घरात कमर्शियल पायलट लायसन्सचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, कर्ज कुठली बँक देईल? ठाण्यात बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. त्याआधी करायच्या कामांना फारसे पैसे लागत नाहीत. पण त्यातलं एक जरी नंतर अडलं तरी लाखोंचं कर्ज डोक्यावर घेऊन मूल घरी बसतं आणि व्याज चालूच राहतं.

सुरुवात मेडिकलपासून करा. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरकडून क्लास २ ची प्राथमिक तपासणी होते, पण कमर्शियल लायसन्सला क्लास १ ची तपासणी लागते. क्लास २ झालं की पुष्कळ जण फी भरून मोकळे होतात. तसं करू नका. रंगांधळेपणा, कानाची किंवा हृदयाची एखादी तक्रार क्लास १ च्या तपासणीत निघाली तर ती कर्जाआधी कळलेली बरी. क्लास १ चा निकाल हातात येईपर्यंत बँकेची पायरी चढायची नाही, असं घरात ठरवूनच टाका.

मेडिकलची तारीख मिळेपर्यंत डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे लेखी परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक, काढायला घ्या. त्यासाठी बारावीच्या गुणपत्रिकेची बोर्डाकडून पडताळणी लागते. महाराष्ट्र बोर्डाच्या आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांचं मुंबई विभागीय मंडळ वाशीलाच आहे, तेव्हा ते काम दुसऱ्यावर सोपवू नका. दहावी, बारावी, आधार आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, तेही तेव्हाच पाहा. बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसेल, बीकॉम किंवा बीए झालं असेल, तर ते दोन विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येतात. त्यात जाणारा वेळ हिशेबात धरा.

मग लेखी पेपर. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के मिळवावे लागतात. विमानात पाऊल न टाकता, घरी राहून, छोटीशी नोकरी सांभाळूनही हे पेपर देता येतात. माझा आग्रह आहे की पदवीनंतरचं पहिलं वर्ष यातच घालवा. पेपर पास झाले तर फ्लाइंग स्कूलमधले महिने फक्त उड्डाणाला मिळतात. पगारातून मार्जिन मनीची, म्हणजे खर्चातल्या आपल्या वाट्याची, सोय होते आणि स्वतःच्या नावाने बँकेचं खातं वर्षभर नीट चाललेलं दिसतं.

आता फ्लाइंग स्कूल. गोंदिया, बारामती, धुळे, नागपूर अशी राज्यातच बरीच ठिकाणं आहेत. २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची श्रेणीही जाहीर करते, ती बघा. पण खरी माहिती हँगरमध्ये मिळते. एका दिवसात किती विमानं उडाली, किती दुरुस्तीला उभी आहेत, इन्स्ट्रक्टर किती आणि विद्यार्थी किती, हे स्वतः जाऊन मोजा. पावसाळ्यात सलग किती दिवस उड्डाण बंद असतं, ते तिथल्या मुलांना विचारा. लायसन्सला किमान २०० तास लागतात. माहितीपत्रकात त्यासाठी १८ महिने लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. ४० लाख उचललेले असतील तर ११ टक्क्यांनी सहा महिन्यांच्या उशिराचं नुसतं व्याज दोन लाख वीस हजार होतं.

फीचा कागद घरी आणून ओळ न् ओळ वाचा. मल्टी इंजिनचे तास आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवरून विमान चालवण्याची पात्रता) धरलंय का? २०० तासांच्या वर गेलं तर तासाचा दर काय? हॉस्टेल, मेस, उड्डाण चाचण्या (चेक), परीक्षकाची फी, गणवेश, हेडसेट आत की बाहेर? मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतील? डीजीसीएमान्य संस्थांच्या मान्यताप्राप्त फ्लाइंग ट्रेनिंग कोर्सवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा जीएसटी कौन्सिलने सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत केला आहे. कागदावर १८ टक्के दिसले तर कशावर लावले, ते लेखी विचारा. एकरकमी फी भरायची म्हणून सवलत देत असतील तरी ती घेऊ नका. तासांच्या टप्प्यांप्रमाणे पैसे द्यायचे, हे करारात यायलाच हवं. हा खर्च ४५-५० लाखांच्या घरात जातो आणि एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याची पात्रता, त्यात नसतं. त्याचे आणखी साधारण १५ ते २० लाख आत्ताच वेगळे मांडून ठेवा.

एवढं झाल्यावर बँक. डीजीसीएमान्य पायलट प्रशिक्षण बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बसतं. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, आई किंवा वडील सहकर्जदार होतात आणि देशातल्या शिक्षणाला किमान पाच टक्के मार्जिन घरचं घालावं लागतं. पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे, तिच्या भरवशावर गणित मांडू नका.

आपल्याकडे घोडं अडतं ते तारणावर. घणसोलीच्या एका मुलाची फाइल आठवते. घर तीन मजली, खाली दोन गाळे भाड्याने दिलेले, पण गावठाणालगत गरजेपोटी बांधलेलं. बाजारात किंमत मोठी, हातात ना बांधकाम परवानगी ना ओसी (भोगवटा प्रमाणपत्र). बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने पहिल्याच दिवशी नकार कळवला. शेवटी आत्या जामीनदार झाली आणि तिचा वाशीचा फ्लॅट तारण लागला. तोही लगेच नाही, कारण सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे गहाणाला सिडकोची एनओसी आणावी लागली. तेव्हा घरचे कागद वर्षभर आधी बाहेर काढा: पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, ओसी, मालमत्ता कराची पावती, सोसायटीची एनओसी. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत शेअर सर्टिफिकेट अजून आजोबांच्या नावावर असल्याचं नेमकं याच वेळी लक्षात येतं. फ्लॅट एकाहून जास्त नावांवर असेल तर काका-आत्यांशी आधी मोकळेपणाने बोला. सर्च रिपोर्ट (मालकी हक्काची तपासणी) आणि व्हॅल्युएशनचा खर्च आपल्याच माथी असतो.

हप्त्याचं गणित आई-वडिलांना शेजारी बसवून करा. ४० लाख, ११ टक्के, दहा वर्षं: हप्ता साधारण ५५,१०० रुपये, एकूण भरणा ६६ लाखांच्या आसपास. पंधरा वर्षं केली तर हप्ता साधारण ४५,५०० वर येतो, पण भरणा ८१ लाखांच्या पुढे जातो. प्रशिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढतंच. २० लाख उचलल्यावर ते महिन्याला १८,३०० च्या घरात असतं आणि घरच्यांना झेपत असेल तर तेवढं दर महिन्याला भरत राहावं. वडिलांच्या निवृत्तीला किती वर्षं राहिली, धाकट्या भावंडाचं शिक्षण कधी येतंय, हे त्याच कागदावर लिहा. लायसन्स मिळाल्या मिळाल्या नोकरी लागेल असं धरू नका. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला म्हणून घराजवळच काम मिळेल, हा हिशेबही त्यात नको. किमान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला असल्याशिवाय मी तरी कुणाला पुढे जा म्हणणार नाही. आणि आई-वडिलांचं एकमेव घर तारण ठेवून हप्ता झेपण्याची खात्री नसेल तर आणखी दोन वर्षं नोकरी करून पैसे साठवा. बाविसाव्या ऐवजी चोविसाव्या वर्षी सुरू केल्याने काही बिघडत नाही.

शिष्यवृत्तीची चौकशी जरूर करा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत कमर्शियल पायलटचा अभ्यासक्रम येतो, त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढलेला असावा. परदेशी शिकायचं असेल तर परतल्यावर डीजीसीएचे पेपर द्यावे लागतातच, शिवाय डॉलर चढला की बजेट फुगतं.

मंजुरीपत्र आल्यावर त्यातला कोर्सचा कालावधी पाहा. हप्ते सुरू न करण्याची सवलत तो कालावधी अधिक एक वर्ष अशी मोजतात, त्यामुळे १८ ऐवजी २४ महिने लिहून मागा. प्राप्तिकरात या कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच आणि फक्त व्याजाची. मुलाच्या नावाने टर्म इन्शुरन्स काढताना फॉर्ममध्ये पायलट प्रशिक्षण स्पष्ट लिहा, लपवलं तर दावाच अडकतो. घराचे मूळ कागद जमा कराल त्या दिवशी त्यांची यादी बँकेच्या सही-शिक्क्यासह घ्या आणि फाइलमध्ये ठेवा. कर्ज फिटल्यावर ते कागद ३० दिवसांत परत द्यायचे, बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते कागद मागताना हीच यादी दाखवावी लागेल.